मोबाईल संगणकाशीं बोलत नाहीं तेव्हां

नंदुरबार जिल्ह्यांत शहादे गांवाच्या शेजारीं लोणखेडा म्हणून एक गांव आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेकडे तापीचें खोरें, आणि मधल्या काळ्या जमिनींत ऊंस, केळी, पपई व कापूस. पूज्य साने गुरुजी विद्याप्रसारक मंडळाच्या शिक्षणसंस्थांमुळें लोणखेड्याचें नांव आसपासच्या मुलुखांत सर्वांच्या तोंडीं आहे. तेथें अभियांत्रिकीचें महाविद्यालय आहे, आणि त्यांत संगणकाचें शास्त्र शिकणारे मुलगे व मुली आहेत. कोणी सपाटीवरच्या बागाईतदाराच्या घरचे, तर कोणी धडगांव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरचे. घरीं गुजरी, अहिराणी, भिलोरी किंवा पावरी, शाळेंत मराठी, आणि संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी, असा तीन भाषांचा जिना चढून हीं मुलें त्या यंत्रापुढें येऊन बसतात.

अशा एखाद्या विद्यार्थ्याचें चित्र श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. पपईच्या तोडीचा हिशेब ठेवणारें एक लहानसें ॲप त्यानें लिहिलें आहे. कोणत्या दिवशीं किती माल गेला, कोणत्या भावानें गेला, पैसे किती आले आणि किती राहिले, एवढाच त्याचा पसारा. आतां ॲप लिहावें लागतें संगणकावर, आणि चालवावयाचें असतें मोबाईलवर. म्हणजे या यंत्रांतून त्या यंत्रांत तें नेलें पाहिजे, आणि नेल्यावर तेथें कसें चालतें, कोठें अडतें, याची बातमी परत संगणकाकडे आली पाहिजे. त्यासाठीं दोहोंमध्यें केबल लावतात. केबल लावली, मोबाईलवर बॅटरी भरत असल्याचें चिन्ह उमटलें, आणि संगणक मात्र म्हणतो कीं कोणतेंही उपकरण जोडलेलें नाहीं. सारी संध्याकाळ येथें जाते. आज्ञावली लिहितांना चूक झाली तर संगणक निदान कितव्या ओळींत झाली तें सांगतो. या चुकीला ओळ नाहीं कीं पान नाहीं.

शहरांतल्या श्रोत्यास वाटेल कीं एवढ्याशा केबलीचें काय घेऊन बसलांत! मोबाईल नसला तरी संगणकाच्या पडद्यावर मोबाईलचें सोंग उभें करतां येतेंच. येतें, हें खरें. त्यास एम्युलेटर म्हणतात. परंतु तें सोंग चालवावयास दणकट संगणक लागतो. लिहिण्याचें साधन आणि हें सोंग अशीं दोन्ही एका वेळीं नीट चालावयाचीं तर १६ गिगाबाइट रॅम असावी, असें आतां सांगण्यांत येतें. ज्याच्यापाशीं दुसऱ्याच्या हाताखालून आलेला ४ गिगाबाइटचा लॅपटॉप आहे त्यानें एम्युलेटर सुरू केला कीं पंखा घरघरूं लागतो, माऊसचा बाण जागच्या जागीं थिजतो, आणि पडद्यावरचा तो खोटा मोबाईल अर्धा उघडून बसतो. म्हणून शहरांत ज्या केबलीवांचून अडत नाहीं, तिच्यावांचून लोणखेड्यास सगळेंच अडतें. ज्याची यंत्रसामग्री हलकी त्याला खऱ्या मोबाईलचाच आधार, आणि त्या मोबाईलपर्यंत जाण्याचा रस्ता म्हणजे ही हातभर तार.

शिवाय खरा मोबाईल खरें बोलतो. भर दुपारीं पपईच्या बागेंत पडद्यावरचीं फिकट अक्षरें दिसतात कीं नाहीं, जुन्या फोनवर मराठी जोडाक्षरें फुटून वेडींवांकडीं तर दिसत नाहींत ना, सातपुड्याच्या घाटांत रेंज गेली असतां लिहिलेला हिशेब नाहींसा तर होत नाहीं ना, हीं परीक्षणें टेबलावरच्या सोंगास करतां येत नाहींत. (सरकारी पाट्यांवर मोबाईलला भ्रमणध्वनी म्हणतात, पण तो शब्द पाटीवरून खालीं उतरून कोणाच्या खिशांत गेल्याचें ऐकिवांत नाहीं. तेव्हां येथें मोबाईल हाच शब्द बरा.)

आतां ही जोडणी कां जमत नाहीं याचा शोध. तो तारेपासून सुरू करावा. यूएसबी ही जोडणीची पद्धति १९९६ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. तत्पूर्वीं छपाईयंत्राला एक खोबण, माऊसला दुसरी, कीबोर्डला तिसरी, असा संगणकाच्या पाठीमागें खोबणींचा बाजार भरलेला असे. त्या सर्वांची एक खोबण करण्याच्या कामीं इंटेल कंपनींत ज्यांनीं पुढाकार घेतला त्यांत अजय भट्ट हे अभियंते प्रमुख होते, आणि ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. शहाद्याहून बडोदें फार दूर नाहीं, हें त्या विद्यार्थ्यांस सांगावें. त्यानें केबल जुळत नसली तरी उमेद वाढते.

या केबलीच्या पोटांत, अगदीं साध्या प्रकारांत, चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन निरोपाच्या. विजेच्या तारांतून ५ व्होल्टचा पुरवठा होतो आणि बॅटरी भरते. निरोपाच्या तारांतून माहिती जाते-येते. बाजारांत मिळणाऱ्या अगदीं स्वस्त केबलींपैकीं कित्येकींत निरोपाच्या तारा घातलेल्याच नसतात. त्या केवळ चार्जिंगच्या केबली. बाहेरून पाहतां दोहोंत कांहींही फरक दिसत नाहीं, आणि बॅटरी तर दोहोंनींही भरते. फसगत होते ती येथें. वीज पोंचली म्हणजे निरोपही पोंचला असें मन धरून चालतें, आणि मग दोष संगणकाला, मोबाईलला, स्वतःच्या बुद्धीला, सर्वांना दिला जातो. केबलीला मात्र कोणी बोल लावीत नाहीं, कारण ती डोळ्यांदेखत काम करीत असते. कसोटी सोपी आहे. त्याच केबलीनें मोबाईलमधले फोटो संगणकावर दिसतात का, हें पाहावें. दिसले तर तारा चारही आहेत. न दिसल्यास दुसरी केबल, शक्य तर मोबाईलच्या डब्यांतून आलेली, लावून पाहावी. चांगली केबलही आंतून तुटलेली असूं शकते. विशेषतः टोकाजवळ, जेथें ती रोज दुमडते. आणि ज्याचा मोबाईल शेतांत खिशांत राहतो त्यानें खोबणींत साठलेला कापसाचा व धुळीचा बोळा मोबाईल बंद करून लांकडी काडीनें हलकेच काढावा. खोबण साफ झाल्यावर जुळलेल्या जोडण्यांची गणना केली तर कित्येक तज्ज्ञांस मान खालीं घालावी लागेल.

तार चांगली ठरली तरी मोबाईल आपण होऊन दार उघडीत नाहीं. हल्लींचे अँड्रॉइड मोबाईल केबल लावतांच फक्त चार्जिंग पत्करतात. वरून खालीं बोट ओढलें असतां एक सूचना दिसते, तीवर बोट ठेवून 'फाइल ट्रान्सफर' निवडावें लागतें. फोटोंची कसोटी घेतांना हें विसरलें तर निर्दोष केबलही दोषी ठरते, तेव्हां हें आधीं करावें. पण ॲप पाठवावयास एवढ्यानें भागत नाहीं. त्यासाठीं 'यूएसबी डिबगिंग' नांवाची परवानगी मोबाईलमध्यें चालू करावी लागते, आणि ती ठेवली आहे 'डेव्हलपर ऑप्शन्स' या कप्प्यांत. हा कप्पाही २०१२ सालच्या अँड्रॉइड ४.२ पासून लपवून ठेवलेला आहे. सेटिंगमध्यें मोबाईलची माहिती सांगणारें जें पान असतें त्यावर 'बिल्ड नंबर' म्हणून एक ओळ असते. तीवर सात वेळां बोट टेकवावें लागतें. तिसऱ्या-चौथ्या टेकीपासून मोबाईल उरलेल्या टेकी मोजूं लागतो, आणि सातवीस जाहीर करतो कीं आतां तुम्ही डेव्हलपर झालांत. चार वर्षें फी भरून जी पदवी मिळावयाची ती सात टिचक्यांत मिळाल्याबद्दल मुलांत फार हंशा पिकतो. परंतु हा लपंडाव पोरखेळ नव्हे. ज्याला या कप्प्याची गरज नाहीं त्याचें बोट चुकून तेथें जाऊं नये, यासाठीं तो आडोसा आहे.

यापुढचें समजून घेण्यास, दोन यंत्रांमध्यें हा संवाद कोण घडवून आणतो तें पाहिलें पाहिजे. त्या साधनाचें नांव एडीबी. त्यांत तीन पात्रें असतात, आणि शहाद्याच्या मुलांना तीं मार्केट यार्डाच्या दाखल्यानें चटकन् कळतील. शेतकरी माल घेऊन येतो, व्यापारी माल घेतो, आणि दोघांच्या मधें अडत्या बसलेला असतो. तसा येथें आज्ञा देणारा एक भाग संगणकावर, आज्ञा पाळणारा दुसरा भाग मोबाईलमध्यें, आणि मधला तिसरा भाग पुन्हां संगणकावरच, पण पडद्याआड. या मधल्याला सर्व्हर म्हणतात. त्याचा गाळा ठरलेला आहे, क्रमांक ५०३७. कोणतीही आज्ञा प्रथम या गाळ्यावर जाते आणि तेथून मोबाईलकडे. आतां अडत्याच झोंपला किंवा त्याच्या वहींत गोंधळ झाला, तर शेतकरी आणि व्यापारी दोघे समोरासमोर असूनही सौदा होत नाहीं. मोबाईलवरचा मजकूर सांभाळणारीं कांहीं दुसरीं सॉफ्टवेअर संगणकावर आपला स्वतःचा एडीबी बरोबर आणतात. तो जुन्या आवृत्तीचा असला म्हणजे एका गाळ्यावर दोन अडत्यांची गादी मांडली जाते, आणि एक दुसऱ्यास सारखा उठवीत राहतो. यावर उपाय म्हणजे 'एडीबी किल-सर्व्हर' या आज्ञेनें त्याला उठवून 'एडीबी स्टार्ट-सर्व्हर' नें नव्यानें बसविणें, आणि भांडणारें दुसरें सॉफ्टवेअर असल्यास तें बंद ठेवणें. सगळा संगणकच बंद करून पुन्हां सुरू केला कीं जोडणी जमते, असा अनुभव पुष्कळांस येतो व त्यांत त्यांस कांहीं जादू वाटते. जादू बहुधा एवढीच असते.

अडत्याला विचारावें, तुझ्या वहींत कोणते मोबाईल आहेत? त्यासाठीं 'एडीबी डिव्हायसेस' ही आज्ञा आहे. तिचें उत्तर एका शब्दांत येतें, आणि सारें निदान त्या एका शब्दांत असतें. पण तो शब्द इंग्रजी. मुलाला त्याचा जो अर्थ ठाऊक असतो तो दुसऱ्याच कोठल्या तरी प्रसंगांतून आलेला असतो, आणि औषध चुकतें तें त्यामुळें. तांत्रिक ज्ञानापेक्षां शब्दार्थाची ही गफलत अधिक नडते, याकडे शिकविणाऱ्यांचें लक्ष जावें तितकें जात नाहीं.

'ऑफलाइन' हा शब्दच घ्या. मोबाईल वापरणाऱ्या लहानथोरांस ऑफलाइन म्हणजे इंटरनेट नाहीं, हा अर्थ पक्का माहीत असतो. एडीबीनें ऑफलाइन म्हटलें कीं मुलगा नेटचें रिचार्ज करून येतो, किंवा रेंज मिळावी म्हणून गच्चीवर जातो. वास्तविक या जोडणीस इंटरनेटचा कांहींही संबंध नाहीं. सातपुड्यांतल्या ज्या पाड्यावर रेंजचा थेंबही नाहीं तेथेंही ती व्यवस्थित चालते. येथें ऑफलाइनचा अर्थ एवढाच कीं मोबाईल दिसतो आहे पण हांकेला ओ देत नाहीं. केबल काढून पुन्हां लावावी, अडत्याला उठवून बसवावें, डिबगिंगची परवानगी बंद करून पुन्हां चालू करावी, मोबाईल एकदां बंद करून चालू करावा. यांपैकीं कशानें तरी तो बहुधा ओ देतो.

दुसरा शब्द 'अनऑथोराइझ्ड'. कोशांत याचा अर्थ अनधिकृत. अनधिकृत बांधकाम, अनधिकृत प्रवेश, असा हा शब्द नोटिशींत आणि पोलिसांच्या तोंडीं ऐकलेला. पहिल्या पिढींत शिकणारा मुलगा तो पडद्यावर पाहतो आणि चपापतो. आपण कांहीं बेकायदा केलें, मोबाईलच्या कंपनीनें आपल्याला पकडलें, असें वाटून तो केबल उपटून ठेवतो. प्रत्यक्षांत त्या शब्दांत दोष दिलेलाच नाहीं. मोबाईल म्हणतो, 'हा संगणक कोणाचा, तें माझ्या मालकानें मला अजून सांगितलेलें नाहीं.' मालकाच्या संमतीची तो वाट पाहत आहे, एवढेंच.

ही संमति मागण्याची रीत मोठी सुंदर आहे, म्हणून ती जरा सावकाश पाहण्यासारखी आहे. प्रत्येक संगणकावर एडीबी प्रथमच चालतें तेव्हां तें किल्ल्यांची एक जोडी तयार करतें. एक गुप्त, एक उघडी. रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन या तिघांनीं १९७७ सालीं शोधलेल्या आणि त्यांच्या आद्याक्षरांनीं आरएसए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गणितावर ही जोडी आधारलेली आहे. गुप्त किल्लीनें मारलेला शिक्का उघड्या किल्लीनें तपासतां येतो, पण उघडी किल्ली कोणाच्या हातीं गेली तरी तिच्यावरून गुप्त किल्ली बनवितां येत नाहीं. केबल लागली कीं मोबाईल संगणकाकडे मनास येईल तो एक मोठा आंकडा पाठवितो आणि म्हणतो, यावर तुझा शिक्का मारून दे. आंकडा दर वेळीं निराळा, त्यामुळें मागें कोणी चोरून ऐकलेला शिक्का पुढें उपयोगीं पडत नाहीं. परत आलेला शिक्का मोबाईल आपल्याजवळ जपून ठेवलेल्या उघड्या किल्ल्यांशीं ताडून पाहतो. ओळख पटली तर दार उघडतें. न पटल्यास संगणक आपली उघडी किल्ली पुढें करतो, मोबाईल त्या किल्लीचा ठसा स्वतःच्या पडद्यावर दाखवितो आणि मालकास विचारतो, यास येऊं देऊं का?

याच शहादे तालुक्यांतील टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतले पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. माणसाची ओळख बोटांच्या ठशांनीं आणि डोळ्यांच्या बुबुळांनीं पटविण्याची ती योजना. त्या गांवापासून कांहीं कोसांवर बसलेल्या विद्यार्थ्याला, संगणकालाही असाच एक ठसा असतो आणि मोबाईल तो मागतो, हें सांगितलें तर त्यास नवल वाटण्याचें कारण नाहीं. मात्र एक भेद आहे. येथें ओळख पटली तरी मालकानें 'हो' म्हटल्यावांचून कांहीं होत नाहीं, आणि तें 'हो' मोबाईलच्याच पडद्यावर म्हणावें लागतें. संगणकावर कितीही बटणें दाबलीं तरी तें म्हणतां येत नाहीं. म्हणून पहिला उपाय अगदीं साधा: मोबाईलचें कुलूप काढून त्याचा पडदा पाहावा. मुलाची दृष्टि संगणकावर खिळलेली असते, आणि इकडे पालथा घातलेला मोबाईल प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत पडलेला असतो. घाईनें 'नाहीं' वर बोट पडलें असेल तर केबल काढून पुन्हां लावावी. तरीही प्रश्न येत नसेल तर त्याच डेव्हलपर कप्प्यांत पूर्वीं दिलेल्या सर्व संमती रद्द करण्याची सोय आहे. ती वापरून कोऱ्या पाटीनें सुरुवात करावी. अँड्रॉइड ११ पासून, सात दिवस जो संगणक पुन्हां जोडला गेला नाहीं त्याची संमति मोबाईल आपण होऊन विसरतो. सुट्टीवरून परतलेल्या मुलास काल चालणारी जोडणी आज बंद दिसते ती कित्येकदां याच कारणानें.

हें ठसे-शिक्क्यांचें प्रकरण अँड्रॉइडमध्यें २०१३ सालच्या ४.२.२ या आवृत्तीपासून आलें. त्यापूर्वीं डिबगिंग चालू असलेला मोबाईल कोणत्याही संगणकास लावला तरी तो मुकाट्यानें दार उघडी. अमेरिकेंतील डेफकॉन परिषदेंत २०११ सालीं कांहीं जाणत्यांनीं फुकट चार्जिंगचें एक ठाणें मांडून ठेवलें होतें. सुरक्षेच्या विद्येंत मुरलेले लोकही तेथें आपले मोबाईल खुशाल लावीत, आणि मग पडद्यावर सूचना झळके कीं या तारेंतून तुमचा मजकूर चोरतां आला असता. आपल्या रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं लोकशिक्षणासाठीं काढलेल्या पुस्तिकेंत या प्रकाराचा इशारा दिलेला आहे. तेव्हां मोबाईलचा हा हट्टी नकार गैरसोयीचा खरा, पण जो पहारेकरी मालकाच्या मुलालाही ओळख विचारल्यावांचून आंत सोडीत नाहीं त्याच्यावर रागवावें कसें?

तिसरें उत्तर म्हणजे उत्तरच नसणें. अडत्याची वही कोरी. तार, खोबण आणि डिबगिंगची परवानगी हीं पाहून झालीं असतील तर दोष संगणकाच्या बाजूस असतो. विंडोज असलेल्या संगणकास त्या त्या कंपनीच्या मोबाईलचा ड्रायव्हर लागतो. तो नसल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्यें पिवळा त्रिकोण दिसतो, आणि मोबाईलच्या कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहून ड्रायव्हर उतरवून घ्यावा लागतो. ॲपलच्या संगणकास याची गरज नाहीं. लिनक्स असल्यास वापरणाऱ्याला त्या खोबणीचा हक्क देणारा नियम लिहावा लागतो; महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत हें काम तेथल्या व्यवस्थापकाकडून करून घ्यावें. या भागांत रंजक असें फारसें नाहीं, पण चुकवून चालत नाहीं.

आणि चौथें उत्तर 'डिव्हाइस'. तें आलें म्हणजे जोडणी झाली. तरीही ॲप उतरेलच असें नाहीं. त्याच नांवाचें पण दुसऱ्या संगणकावर बांधलेलें ॲप मोबाईलमध्यें आधीं असेल, तर दोहोंवरच्या सह्या जुळत नाहींत आणि मोबाईल नवें घेत नाहीं. जुनें काढून टाकावें, पण त्यांतला हिशेब त्याबरोबर जातो हें ध्यानांत ठेवून. ॲप नव्या अँड्रॉइडसाठीं लिहिलेलें व मोबाईल जुना, हेंही कारण असूं शकतें. कांहीं कंपन्यांच्या मोबाईलमध्यें यूएसबीवरून ॲप उतरविण्यास आणखी एक निराळी परवानगी ठेवलेली असते. येथें मात्र संगणक कारण स्पष्ट शब्दांत सांगतो, तें पूर्ण वाचावें.

खोबणच मोडली असेल तर बिनतारी मार्ग आहे. २०२० सालच्या अँड्रॉइड ११ पासून दोन्ही यंत्रें एकाच वायफायवर असलीं आणि मोबाईलनें दाखविलेला सहा अंकी आंकडा संगणकावर लिहिला कीं जोडणी होते. केबल लागत नाहीं. मात्र वसतिगृहांच्या वायफायवर पुष्कळदां एका यंत्रास दुसरें दिसूं नये अशी व्यवस्था केलेली असते. अशा वेळीं मित्राच्या मोबाईलचा हॉटस्पॉट घ्यावा.

या सर्व खटाटोपांत एक पथ्य मोठें आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. केबल बदलली, खोबण बदलली, ड्रायव्हर घातला आणि संगणक सुरू केला, असें चारी एका दमांत केलें आणि जोडणी जमली, तर कशानें जमली तें कळत नाहीं. उद्यां पुन्हां तुटली कीं चारी करावीं लागतात. त्याहून वाईट खोड म्हणजे चिडून अँड्रॉइड स्टुडिओ हें सगळें साधनच काढून टाकणें आणि पुन्हां उतरविणें. गिगाबाइटच्या गिगाबाइट मजकूर, मोजून मिळणारें नेट, रात्रीं जाणारी वीज. आणि सकाळीं पाहावें तों केबल तीच, तिच्या पोटांत तारा दोनच. ज्यांच्या घरीं नेट अमर्याद आहे त्यांनीं इंटरनेटवर दिलेले सल्ले या मुलांस म्हणूनच महाग पडतात.

आतां राहिला मोबाईलच्या मालकाचा प्रश्न. शहरांतल्या घरीं माणशीं एक मोबाईल असतो. लोणखेड्याच्या त्या विद्यार्थ्याच्या हातांतला मोबाईल मात्र पुष्कळदां घराचा असतो. वडिलांचे बँकेचें खातें त्यावर, यूपीआयची देवघेव त्यावर, ऊंसाच्या पैशाचा निरोप त्यावर. कांहीं बँकांचीं ॲप डेव्हलपर कप्पा किंवा डिबगिंग उघडें दिसलें कीं चालावयास नकार देतात. मुलगा काम आटोपून मोबाईल देतो, आणि दुसऱ्या दिवशीं खताच्या दुकानापाशीं उभ्या असलेल्या वडिलांचें ॲप उघडत नाहीं. पोरानें मोबाईल बिघडविला, असा निवाडा तेथेंच होतो, आणि संगणकाच्या शिक्षणावरची घरची श्रद्धा एका दिवसांत खालीं येते. हें टाळणें अवघड नाहीं. संध्याकाळचें काम झालें कीं केबल काढावी, डेव्हलपर कप्प्यांत जाऊन यूएसबी डिबगिंग बंद करावें, महाविद्यालयाच्या किंवा मित्राच्या संगणकास दिलेल्या संमती तेथेंच रद्द कराव्या, आणि कप्प्याच्या माथ्यावरचा खटकाही बंद करावा. मग वडिलांच्या समोर बँकेचें ॲप एकदां उघडून दाखवावें, आणि त्याच्या शेजारीं, आपण लिहिलेलें पपईच्या हिशेबाचें ॲपही.